परभणीहून मालवण, सोबत माळकरी आई अन लेकरं: काय बघावं, कसं जावं?

काळी_माती_परभणी

राम राम मंडळी. यंदा सोयाबीन निघालं, विकून झालं, आता हरभऱ्याला एक पाणी दिलं की घरच्यांना घेऊन मालवणला जायचं ठरवायलोत. आम्ही एकूण सातजण, मी, बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको, माझी दोन लेकरं (मोठी 11 ची, बारका 7 चा) अन आमची आई. आईचं वय 68, गुडघे दुखतेत पण चालती, पंढरीची वारी केलेली आहे तिनं, माळकरी आहे त्यामुळं मासे-मटण तर सोडाच, ज्या तव्यावर मासा भाजला त्यावरची पोळी पण चालणार नाही. तिनं आजपर्यंत समुद्र बघितलेला नाही. गोदावरीला पूर आलेला बघितला, जायकवाडीचं पाणी बघितलं, तेवढंच. मागं टीव्हीवर सिंधुदुर्ग किल्ला दाखवत होते तर म्हणली की महाराजांनी पाण्यात किल्ला बांधला तो एकदा बघायचा होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे, बाकी कुठं नाही गेलो तरी चालंल पण तिला तो किल्ला दाखवायचा.

तर विचारायचं हे की,

किल्ल्यावर जायला नावेत चढाउतरायला म्हाताऱ्या माणसाला जमतं का? रस्ता कोणता घ्यावा, गाडी आमची सात सीटरच आहे, भाऊ आणि मी आलटून पालटून चालवणार. माळकरी माणसाच्या खाण्याचं कसं करावं, कारण जिथं बघावं तिथं फिश थाळीचेच फोटो दिसायलेत. भावाला ते पाण्याखालचं स्कुबा करायचंय, त्याला विहिरीत पोहता येतं पण समुद्राचा काही अनुभव नाही. आणि चार रात्री राहायचं म्हणलं तर मालवण, तारकर्ली, देवबाग यापैकी कुठं राहावं? यूट्यूबवर बघितलं तर एका दिवसात बारा ठिकाणं दाखवतेत, लेकरं अन आई घेऊन तसं पळापळीचं नको वाटतं.

जे जाऊन आलेत त्यांनी सांगा. लवकर बुकिंग करावं लागंल म्हणून आत्ताच विचारायलो.

मांजरा_काठची

भाऊ, आम्ही लातूरहून गेलतो, सासूसासरे सोबत होते म्हणून रस्त्याचं सांगते, कारण निम्मा थकवा रस्त्यातच येतो.

परभणीहून मालवण साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास पडंल. एका दमात अजिबात करू नका. नागपूर-रत्नागिरी हायवे आहे ना, जो नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला जातो, तोच धरा. तुम्ही गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून लातूरला येऊन त्याला लागू शकता. हायवे एकदम चांगला आहे, पहाटे निघालात तर दुपारी तुळजापूरचं दर्शन करून रात्री कोल्हापूर होतं, पण आई माळकरी आहेत म्हणलात म्हणून सांगते, सांगोल्याच्या आधी मंगळवेढ्याहून पंढरपूर फार लांब नाही, तिथं पहिला मुक्काम टाका. आई खुश, तुम्ही पण ताजेतवाने. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला अंबाबाई करून उजेड असतानाच घाट उतरायचा.

घाट कोणता हे महत्त्वाचं. कोल्हापूरहून कोकणात उतरायला आमच्यासारख्यांसाठी दोन-तीन रस्ते आहेत. एक गगनबावड्याचा, तिथून करूळ घाट किंवा भुईबावडा घाट, दुसरा राधानगरीवरून फोंडा घाट, तो कणकवलीकडं उतरतो. आम्ही राधानगरीचा घेतला होता, वाटेत शाहू महाराजांनी बांधलेलं राधानगरी धरण लागतं, ज्याचे दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात ते, अन दाजीपूरचं जंगल. दाजीपूरला गवे रस्त्यावर येतात म्हणून अंधार पडल्यावर हा रस्ता घेऊच नका. गगनबावड्याचं मात्र निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात विचारून घ्या, तिकडं दरड किंवा कामामुळं रस्ता बंद असण्याचे प्रकार होतात. सवय नसलेल्यांना घाटात मळमळतं, आमच्या सासूबाईंना झालं, तर आईंना पुढच्या सीटवर बसवा अन घाटाच्या आधी पोटभर जेवण देऊ नका, लिमलेटच्या गोळ्या अन सुंठ जवळ ठेवा.

गाडी चालवायचा कंटाळा असंल तर रेल्वेनं पण होतं. नांदेड-पनवेल गाडी परभणी-लातूरवरून पनवेलला जाते, तिथून कोकण रेल्वेची गाडी पकडून कुडाळला उतरायचं, कुडाळ ते मालवण तीस किलोमीटरच्या आत आहे, रिक्षा-एसटी मिळती. पण सातजण अन गुडघे दुखणारी आई म्हणल्यावर सामान घेऊन गाड्या बदलायला नको वाटतं मला, गाडीच न्या.

तारखेचं म्हणाल तर 25 डिसेंबर ते 1 जानेवारी सोडून द्या. पुण्या-मुंबईचे सगळे तिथंच असतात, रूमचे भाव दुप्पट अन रस्त्यात ट्रॅफिक. आमच्याकडं येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) झाली की शेतातली माणसं थोडी मोकळी होतात, आम्ही त्यानंतरच गेलतो, जानेवारीत, अन गर्दी जवळपास नव्हतीच. लेकरांची चार दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या.

धपाटे, शेंगाची चटणी, लाडू बरोबर घ्या. पहिले दोन दिवस वाटेत तेच कामाला येतं.

मास्तर_मूळ_बीड

काळी माती भाऊ, मी मूळचा बीड जिल्ह्यातला, नोकरीमुळं बऱ्याच वर्षांपासून मालवण तालुक्यात आहे, आमच्याकडचे पुष्कळ मास्तर लोक इकडं जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहेत. दरवर्षी गावाकडचे पाहुणे येतात, त्यांना फिरवायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किल्ल्याचं, कारण तुमचं मन तिथंच आहे आणि ते बरोबरच आहे. सिंधुदुर्ग मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर आहे. मालवणच्या जेटीवरून नावा सुटतात, फार वेळ लागत नाही, नाववाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि मग परत आणतात. आईंना जमेल का याचं उत्तर म्हणजे जमतं, पण सकाळी लवकर जा, तेव्हा वारा कमी असतो अन नाव हलत नाही. चढाउतरायच्या वेळी दोघं जण दोन्ही बाजूंनी धरा, नाववाली पोरं पण हात देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की आजी आहेत. तासाभरात म्हाताऱ्या माणसाचं सगळं होत नाही, त्यामुळं निघतानाच नाववाल्याशी बोलून ठेवा की आम्ही पुढच्या फेरीनं येऊ.

किल्ल्याचा दरवाजा समुद्रातून बघितलं तर दिसतच नाही, बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे, नाव एकदम जवळ गेली की मग कळतो. लेकरांना हे आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. आत शिरताना वर छोट्या घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे. मग सपाट वाटेनं चालत शिवराजेश्वराचं मंदिर लागतं, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं, आतली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली, बसलेली. तिथं रोज पूजा होते, आईंना तिथं निवांत बसू द्या. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना त्यांचं पाणी गोडं आहे. आपल्याकडं शंभर-दोनशे फूट बोअर मारून कोरडं लागतं तिथल्या माणसाला ही विहीर बघून काय वाटतं ते मी दरवेळी पाहुण्यांच्या तोंडावर बघतो. किल्ल्याचं क्षेत्र 48 एकर आहे, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं एक मोठं बागायतदाराचं रानच, आणि त्याला सगळीकडून तीस फूट उंचीचा तट. तटाच्या पायाभरणीत शिसं ओतलेलं आहे. तटावर चढणं मात्र आईंना करायला लावू नका, पायऱ्या उंच आहेत अन कठडा नाही, लेकरांचा पण हात सोडायचा नाही.

एक गोष्ट बहुतेक टुरिस्ट बघतच नाहीत. दांडी किनाऱ्याजवळ मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, त्यावर गणपती, शिवलिंग, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. 25 नोव्हेंबर 1664 ला किल्ल्याचं काम सुरू करायच्या आधी महाराजांनी तिथं पूजा केली असं सांगतात. किल्ला 1667 मध्ये पुरा झाला. तर आधी धोंड्याचं दर्शन घ्या आणि मग किल्ल्यावर जा, महाराजांनी ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं. तिथून समोर किल्ला दिसतो पण. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग पण आहे, त्यामुळं गर्दी वाढत चालली आहे, सकाळचा आग्रह म्हणूनही धरा.

आता समुद्राचं. हे नीट वाचा आणि भावाला पण वाचायला द्या. आपल्याकडची पोरं विहिरीत मुटके मारून पोहायला शिकतात, दम भरपूर असतो, पण विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि समुद्राचं पाणी सतत कुठंतरी चाललेलं असतं. पोहता येतं या जोरावर आत गेलेली आपल्या भागातली पोरं अडचणीत आलेली मी बघितली आहेत. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते आणि रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. आई पंचांग बघत असतील एकादशीसाठी, तर त्यांनाच विचारून तिथी काढा, तिथीला 3 नं गुणायचं आणि 4 नं भागायचं, येईल तो भरतीचा ढोबळ टाइम. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. हा हिशोब मुंबईकडं चांगला बसतो, मालवणला थोडं मागंपुढं होतं, पण अंदाज येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं अन खूप आत जातं, अष्टमीच्या आसपास भांग असते म्हणजे पाण्याची चढउतार कमी. ओहोटी लागलेली असताना लेकरांना कंबरेच्या वर पाण्यात जाऊ द्यायचं नाही. आणि देवबागला जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर पाणी वरून शांत दिसतं पण खालून ओढ असते, तिथं आंघोळीला कुणीच उतरायचं नाही, पोहणाऱ्यानं तर नाहीच. कधी ओढ लागलीच तर किनाऱ्याकडं सरळ हातपाय मारून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत जायचं, ओढीतून बाहेर पडलं की मग आत यायचं.

रॉक गार्डनच्या खडकावर शेवाळ असतं, तिथं सूर्यास्त छान दिसतो पण आईंना खडकावर नेऊ नका, कट्ट्यावर बसवा.

राहायचं कुठं तर माझं मत मालवण गाव, चिवला बीचच्या बाजूला. तारकर्ली सहा-सात किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढं, एकाच अरुंद रस्त्यावर, तिथं पांढरी वाळू आहे, पाणी आहे, सगळं खरं, पण रात्री औषध लागलं, दूध लागलं, दवाखाना लागला तर मालवणलाच यावं लागतं. सोबत म्हातारं माणूस अन बारकं लेकरू असलं की बाजार जवळ पाहिजे. चिवल्याला किनारा अर्धगोल आहे, पाणी त्यामानानं शांत, आणि सकाळी तिथं रापण ओढतात. रापण म्हणजे मोठं जाळं नावेनं समुद्रात गोल टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसं उभी राहून किनाऱ्यावरून ओढत आणतात, वीस-तीस माणसं एका सुरात. तुमची लेकरं दोराला हात लावायला गेली तर कुणी नाही म्हणत नाही. आई माळकरी असल्या तरी ही मेहनत त्यांना बघू द्या, त्या शेतात राबलेल्या आहेत, त्यांना ते आवडेल असं मला वाटतं.

जेवणाचं पुढच्या मेसेजमध्ये लिहितो, शाळेची घंटा झाली.

मास्तर_मूळ_बीड

जेवण. माळकरी माणसानं मालवणात उपाशी राहायची अजिबात गरज नाही. इथली पुष्कळ घरं सोमवारी मासे खात नाहीत, काही गुरुवारी पण नाही, श्रावण पाळतात, त्यामुळं शाकाहारी स्वयंपाक इथल्या बायकांना उत्तम येतो, फक्त बोर्डावर लिहिलेला नसतो. काळ्या वाटाण्याची उसळ अन आंबोळी, घावणे अन नारळाची चटणी, काजूची उसळ (ओले काजू मार्चकडं येतात, आधी सुके मिळतात), फणसाची भाजी, नारळाच्या रसातल्या शिरवळ्या, उकडीचे मोदक, आणि सोलकढी. सोलकढीत लसूण घालतात, आईंना चालत नसेल तर बिनलसणाची सांगा. हॉटेलपेक्षा घरगुती निवास घ्या जिथं घरचीच माणसं स्वयंपाक करतात, आणि बुकिंग करतानाच विचारा की माळकरी आई आहेत, भांडी वेगळी ठेवाल का. ठेवतात. शक्यतो पूर्ण शाकाहारी घर मिळालं तर बघा, मालवणात तशी पण घरं आहेत जी पाहुणे ठेवतात. तुम्ही बाकीचे सहाजण सुरमई, बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या) खायला बाहेर जा, एक दिवस कोंबडी-वडे खा, आईंचं ताट घरी होऊ द्या.

गोदातीर_नांदेड

स्कुबाचं मी सांगतो, आम्ही मित्र मित्र गेलतो. तुमच्या धाकट्या भावाला समुद्रात पोहता येत नसलं तरी चालतं, कारण तिथं जे टुरिस्टला करवतात त्यात ट्रेनर पूर्ण वेळ धरून असतो, खोली पण फार नसते, किल्ल्याच्या बाजूच्या खडकाळ भागात नेतात, तिथं रंगीत मासे अन प्रवाळ दिसतेत. आधी तोंडानं श्वास घ्यायची प्रॅक्टिस अन हाताच्या खुणा शिकवतात, ओके म्हणजे काय, वर चला म्हणजे काय, ते नीट शिकून घ्यायचं, अंगठा वर दाखवला की वर घेऊन जातात, लोकं छान म्हणून अंगठा दाखवतेत अन मग वर आल्यावर आश्चर्य करतेत.

दमा, हार्टचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन असंल तर करू नका, अन सर्दी झालेली असताना तर नाहीच, कान दुखून दुखून जीव जातो, खाली जाताना दर थोड्या अंतरावर नाक दाबून हळूच फुंकून कानातला दाब सारखा करायचा असतो, सर्दीत ते होतच नाही. जाण्याआधी जड जेवू नका. अन महत्त्वाचं म्हणजे स्कुबा पहिल्या-दुसऱ्या दिवशी करा, शेवटच्या दिवशी करून लगेच घाट चढून कोल्हापूरकडं निघू नका, पाण्याखालून आल्यावर उंचावर जायच्या आधी शरीराला वेळ द्यावा लागतो, खोली कमी असली तरी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

पाणी स्वच्छ असतंय नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हाच खालचं दिसतंय. जून ते ऑगस्ट सगळंच बंद, किल्ल्याच्या नावा पण. प्रवाळाला हात लावायचा नाही, तोडून तर अजिबात आणायचं नाही, तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. लायसन्स असलेलाच बघा, तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कुबाचं सेंटर आहे, तिथं चौकशी करा आधी. सगळ्यात स्वस्त देणाऱ्याच्या मागं लागू नका, लाइफ जॅकेट किती जुनं आहे, नावेत किती माणसं कोंबतोय, ते बघा.

बारक्याला स्कुबा नको, 7 म्हणजे लहान आहे. त्याला सकाळी डॉल्फिन दाखवायला न्या देवबागहून, दिसलेच तर लेकरू वर्षभर विसरत नाही. नाही दिसले तरी खाडीतली नावेतली फेरी भारी आहे, दोन्हीकडं माड अन मध्ये शांत पाणी.

वेरूळ_रोड

मालवणला इतकं लांब कशाला जायलेत, दापोली-हर्णै करा किंवा मुरूड-जंजिरा, अंतर वाचतं, आम्ही संभाजीनगरहून पुणे मार्गे जातो नेहमी. आणि मालवणला जायचंच असंल तर गोवा जोडून एक दिवसात करून टाका, दोन-अडीच तासावर आहे.

मास्तर_मूळ_बीड

वेरूळ रोड, संभाजीनगरवाल्यांना दापोली सोयीचं आहे हे खरं आहे, पण या भाऊंना आईंना सिंधुदुर्ग दाखवायचाय, त्याच्याजागी दुसरा किल्ला कसा चालंल. आणि गोव्याचं, नका करू. चार रात्रीत एक अख्खा दिवस गाडीत घालवायचा, म्हाताऱ्या माणसाला पणजीच्या ट्रॅफिकमध्ये बसवायचं, कशासाठी? मी इतके पाहुणे फिरवले त्यात ज्यांनी चार ठिकाणं जोडली ते थकून गेले, ज्यांनी एका किनाऱ्यावर संध्याकाळी नुसतं बसून घेतलं ते परत यायचं म्हणतात.

दिवस मोकळा असलाच तर मी ही दोन ठिकाणं सांगीन. एक धामापूरचा तलाव, कुडाळ-मालवण रस्त्यावर, काठावर भगवती देवीचं मंदिर, 1530 मधला तलाव आहे आणि आजही पाण्यानं भरलेला आहे, 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. आपण दुष्काळी भागातली माणसं, पाचशे वर्षांपूर्वी लोकांनी डोंगराच्या कुशीत पाणी कसं अडवलं ते लेकरांना तिथं उभं करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. गाळ काढण्याच्या अन जलसंधारणाच्या इतक्या गोष्टी आपण गावाकडं करतो, हा तलाव बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

दुसरं, कुणकेश्वर. देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून महादेवाचं मंदिर. मालवणहून आचऱ्यावरून किनाऱ्या-किनाऱ्यानं रस्ता आहे, वाटेत तोंडवळी-तळाशीलला वळलात तर एका बाजूला खाडी अन एका बाजूला समुद्र आणि मधल्या पट्टीवर गाव. आचऱ्याला रामेश्वराचं मंदिर आहे, याच आचऱ्यात गावपळण असते, काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला मोठी जत्रा असते, तेव्हा गाडी पार्क करायला जागा मिळत नाही, बाकी दिवशी निवांत.

आणि रात्रीचं एक. तुळशीच्या लग्नानंतर इकडं जत्रा सुरू होतात, गावोगावी देवळासमोर दशावतार असतो, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत. बायकांच्या भूमिका पण पुरुषच करतात, संवाद लिहिलेले नसतात, जागेवर बोलतात. आईंना आपल्याकडच्या भारुडाची गोडी असेल तर दशावतार नक्की आवडेल. जिथं राहाल तिथल्या माणसांना विचारा आज कुठं जत्रा आहे, तिकीट वगैरे नसतं, सतरंजी घेऊन जायची अन बसायचं.

मांजरा_काठची

मास्तर, तुमचा हा मेसेज वाचून मलाच परत जावंसं वाटायलंय, आम्ही धामापूर बघितलंच नव्हतं.

भाऊ, खरेदीचं राहिलं, मालवणच्या बाजारात कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), काजू, मालवणी मसाला, अन खाजा घ्या. खाजा म्हणजे बेसनाची कांडी गुळाच्या पाकातली, आलं असतं, आईंच्या दातांना चालतो का बघा थोडा कडक असतो. आंब्याचं मात्र जानेवारीत कुणी हापूस म्हणून दिला तर विचार करून घ्या, देवगडचा खरा सीझन एप्रिल-मेचा आहे. अन आगळाची बाटली गाडीत उभी ठेवा, आमची आडवी होऊन सगळ्या कपड्यांना रंग लागला होता.

काळी_माती_परभणी

मंडळी, इतकं मनापासून लिहिलंत, आईला सगळं वाचून दाखवलं. तिथी गुणिले 3 भागिले 4 ऐकून ती लगेच पंचांग घेऊन बसली अन म्हणली जानेवारीतली एकादशी घरीच करू, नंतर निघू. तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरलाय. पहिला मुक्काम पंढरपूर, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर करून राधानगरीवरून उजेडात खाली. मालवणात चिवल्याकडं चार रात्री. पहिल्या सकाळी मोरयाचा धोंडा अन किल्ला, आईसाठी नाववाल्याला दोन फेऱ्यांचा वेळ सांगणार. दुसऱ्या दिवशी भावाचं स्कुबा अन लेकरांची रापण, तिसऱ्या दिवशी धामापूर, चौथा दिवस मोकळा ठेवलाय, वाटलं तर कुणकेश्वर नाहीतर काहीच नाही. गोवा रद्द. वेरूळ रोड भाऊ राग मानू नका, दापोली पुढच्या खेपेला.

मास्तर, एक शेवटचं. आईला भाताची सवय नाही, तिला दोन वेळा ज्वारीची भाकरी लागतीच, नाहीतर पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणती. तिकडं ज्वारी मिळती का? की पीठ घेऊन यावं?

मास्तर_मूळ_बीड

पीठ घेऊनच या, इकडं मिळतं पण आपल्याकडच्या टाळकी ज्वारीसारखं नसतं. चार दिवसांचं दळण ताजं करून हवाबंद डब्यात आणा, दमट हवेत उघडं ठेवलं तर पिठाला लगेच वास लागतो. इथल्या बायकांना तांदळाची भाकरी थापायची सवय असते, ज्वारीचं पीठ त्यांच्या हाताला वेगळं लागतं, म्हणून वहिनींना सांगा दोन भाकरी स्वतः थापून द्या, बहुतेक घरात चुलीपाशी येऊ देतात. तवा मात्र घरचाच आणा, आईंची माळ आहे. अन दोन किलो जास्त आणलंत तर आमच्याकडं पण द्या, गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत असतो.